ऑगस्टा नॅशनल, हेलेन वादळानंतर : मास्टर्सच्या प्रॅक्टिस राउंडचा रिव्ह्यू (एप्रिल २०२५)

आधी रेटिंग देऊन टाकते, ज्यांना पूर्ण वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी. ऑगस्टा नॅशनल हा अमेरिकेतल्या जॉर्जियातला गोल्फ क्लब, मास्टर्स ही मोठी गोल्फ स्पर्धा दरवर्षी इथेच होते. वादळानंतर त्यांनी कोर्स, म्हणजे खेळाचं मैदान, ज्या पद्धतीने उभा केलाय त्याला ५ पैकी ५. दिवसभराची सोय, खाणंपिणं, पार्किंग याला साडेचार. आणि "इथे काय घडलं, आम्ही ते कसं सावरलं" हे लोकांना सांगण्याच्या बाबतीत फक्त २, त्याबद्दल खाली लिहितेच.

मी गोल्फ खेळत नाही. माझं शिक्षण दापोलीच्या कृषी विद्यापीठातलं, हॉर्टिकल्चरमधलं, आणि गेली बरीच वर्षं अटलांटाजवळ लँडस्केपिंगचं काम करतेय, त्यामुळे घरात मास्टर्स लागलं की नवरा स्कोअर बघतो आणि मी गवत बघते. यंदा आम्हाला लॉटरीत मंगळवारची, म्हणजे ८ एप्रिलची प्रॅक्टिस राउंडची (स्पर्धेआधी खेळाडू सराव करतात त्या दिवसाची) तिकिटं लागली, पुण्याहून सासरेही आलेले होते, मग तिघं गेलो. तिकीट तेव्हा १०० डॉलरचं होतं. हे सगळं मी खेळाच्या नाही, दुरुस्तीच्या नजरेने लिहितेय हे लक्षात ठेवून वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हेलेन २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री फ्लोरिडात पेरी गावाजवळ किनाऱ्याला लागलं, कॅटेगरी ४, वारा ताशी २२५ किमी. ऑगस्टा तिथून शेकडो किलोमीटर आत आहे, इथल्या लोकांना वादळ म्हणजे थोडा पाऊस नि वारा एवढंच ठाऊक. पण २७ च्या पहाटे ते जॉर्जियातून वर सरकताना या भागाजवळून गेलं, आणि त्याच्या आधी पाऊस पडून पडून जमीन अगदी पिचपिचीत झालेली. जॉर्जियाची लाल चिकणमाती एकदा पाण्याने भरली की मुळांची पकड राहतच नाही, त्यात पाईन म्हणजे उंच खोड आणि सगळा पसारा वर टोकाला, त्यामुळे खोड मोडायच्या आधी झाड मुळासकट आडवं होतं. शहरात हेच झालं, घरांवर, गाड्यांवर, विजेच्या तारांवर झाडं. वीज, पाणी, फोन सगळं गेलेलं आणि कित्येक भागांत वीज यायला आठवड्याच्या वर लागलं. सगळ्या राज्यांत मिळून दोनशेच्या वर माणसं गेली या वादळात. तेव्हा गोल्फ कोर्सचं काय एवढं असं कोणी म्हणालं तर मला समजतं, पण ऑगस्टा शहराचं वर्षाचं बरंचसं अर्थकारण त्या एका आठवड्यावर चालतं, हॉटेलं, खानावळी, आठवडाभर घर भाड्याने देणारी माणसं, म्हणून एप्रिलला स्पर्धा होणार की नाही हा तिथल्या लोकांच्या पोटाचा प्रश्न होता.

अटलांटाहून आय-२० महामार्गाने साधारण सव्वादोन-अडीच तास. ऑगस्टा जवळ येऊ लागलं की रस्त्याच्या कडेचं जंगल बघा, अजून पाईन एकाच दिशेला आडवे पडलेत, काही अर्ध्यात मोडून नुसती खोडं उभी. शहरात शिरलो तर काही छपरांवर निळी ताडपत्री, गल्लीच्या तोंडाशी ओंडक्यांचे ढीग. साडेसहा महिने झाले होते तरी. आणि मग वॉशिंग्टन रोडवरून गेटातून आत गेलो आणि सासरे पाच-दहा मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "अगं, वादळ इथेही आलं होतं म्हणालीस ना, ते कुठे?"

हाच माझा रिव्ह्यू आहे खरं तर. कुठेच दिसत नाही. पण शोधलं तर सापडतं, आणि मी दिवसभर तेच केलं.

सगळ्यात आधी आकाश. टीव्हीवर जिथे पाईनची गच्च भिंत दिसायची तिथे आता बऱ्याच ठिकाणी उजेड आहे, एका होलवरून (कोर्सचे अठरा टप्पे असतात, त्यातला एक) पलीकडच्या होलवरची माणसं दिसतात. क्लबचे चेअरमन फ्रेड रिडली जानेवारीतच बोलले होते की वर्षभरापूर्वी होती तेवढी झाडं आता नाहीत. पण जिथून झाडं गेलीत तिथे खड्डा नाही, बुंधा नाही, मातीचा वेगळा रंग नाही, खाली सगळीकडे पाईनच्या सुकलेल्या सुयांचा तपकिरी थर, एकसारखा. एका जागी मी मुद्दाम थांबले, दोरीच्या अलीकडेच, जिथे आपल्याला चालायला परवानगी असते तिथे. आजूबाजूची झाडं ज्या अंतराने होती त्यावरून इथे दोन तरी मोठी झाडं असणार हे कळत होतं. टाच दाबून बघितली तर बाजूच्या जमिनीपेक्षा किंचित मऊ लागली, एवढाच काय तो पुरावा. आणि शेजारच्या पाईनवर दहा-बारा फुटांवर साल सोललेली, वरून येणारी फांदी किंवा खोड घासून गेलेलं असणार, त्यातून राळ गळून पांढुरकी वाळलेली. झाडाची जखम मात्र त्यांनी रंगबिंग लावून झाकली नव्हती, ते मला आवडलं, कारण हल्लीचं शास्त्र हेच सांगतं की जखमेला काही फासू नका, झाड आपलं आपण बंद करतं.

आता हे काम किती किचकट असतं ते सांगते, कारण बहुतेकांना वाटतं झाड कापलं, उचललं, झालं. पडलेलं पाईन मुळाच्या गड्ड्यासकट उठतं तेव्हा जमिनीत माणूस बसेल एवढा खड्डा होतो आणि त्या मुळांनी जमिनीखालचे पाण्याचे पाईप, स्प्रिंक्लरच्या वायरी, ड्रेनेज सगळं सोबत उपटलेलं असतं. मोठ्या मशिनी आणाव्यात तर ओल्या फेअरवेवर (चेंडू मारत पुढे जायची हिरवळीची पट्टी) त्यांची चाकं रुततात आणि वादळाने केलं नाही ते नुकसान मशिनी करतात, म्हणून आधी फळ्या टाकून किंवा जमीन वाळेपर्यंत थांबून काम करावं लागतं. जी झाडं मोडून बुंधा उरलाय तो मशीनने दळतात, पण दळलेला भुसा तसाच खड्ड्यात सोडला की दोन चुका होतात, एक तर तो कुजत कुजत खाली बसतो आणि वर्षभरात तिथे बशी तयार होते, आणि दुसरं म्हणजे कुजताना जमिनीतला नायट्रोजन ओढून घेतो, वरचं गवत पिवळं पडतं. भुसा पूर्ण उपसून, माती थरथर भरून, प्रत्येक थर दाबून, मग वर गवत, हे ज्याने केलं त्याचीच जागा सहा महिन्यांनी सपाट दिसते. आमच्या धंद्यात नव्वद टक्के लोक भुसा तसाच बुजवतात कारण गिऱ्हाईक बघायला येतं तेव्हा तो दिसत नाही. इथे मला पिवळा चट्टा एकही दिसला नाही. एकही नाही, आणि मी अठरा होल फिरले.

वेळही किती वाईट आली बघा. ऑगस्टाचं मूळचं गवत बर्म्युडा, म्हणजे आपल्या हरळीचंच भावंड, थंडीत ते सुकून तपकिरी पडतं. एप्रिलमध्ये टीव्हीवर जे हिरवंगार दिसतं ते राय गवत, दरवर्षी उन्हाळा संपताना सप्टेंबरच्या सुमारास बर्म्युडावर त्याचं बी टाकतात. क्लब उन्हाळाभर बंद असतो, ऑक्टोबरच्या सुमाराला उघडतो, म्हणजे हेलेन नेमकं त्या पेरणीच्या हंगामात आलं. कोवळ्या रायवर ओल्या पानांचा, सुयांचा, फांद्यांचा थर चारपाच दिवस पडून राहिला तर खाली उजेड नाही, हवा नाही, बुरशी धरते आणि पेरणी गेली. वीज नसेल तर पाण्याचे पंपही नाहीत. म्हणून अशा वेळी पहिलं काम झाडं उचलणं हे नसतंच, पहिलं काम म्हणजे ग्रीनवरचा, म्हणजे प्रत्येक होलच्या शेवटी चेंडू घालायच्या खळीभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरचा कचरा हाताने आणि ब्लोअरने साफ करणं. ग्रीनवर तर बेंटग्रास, फारच नाजूक, थंड हवेतलं गवत, १९८१ पासून इथे तेच आहे आणि जॉर्जियाच्या उकाड्यात ते जगवायचं हेच मुळात अवघड काम. ग्रीनच्या खाली सबएअर म्हणून यंत्रणा आहे, पाइपांतून खालून हवा ओढून ओल काढून घेते, उलटी चालवली तर हवा आत सोडते, ही कल्पना १९९० च्या दशकात इथल्याच कोर्सचं काम बघणाऱ्या मार्श बेन्सन यांची. आता जगभर वापरतात.

ड्रेनेजची परीक्षा तर आमच्या डोळ्यांसमोरच झाली. आदल्या दिवशी, सोमवारी ७ तारखेला, वादळी पावसामुळे सकाळी साडेअकराच्या आतच सगळ्यांना बाहेर काढलेलं, नंतर कोर्स उघडलाच नाही. मला वाटलं मंगळवारी चिखल तुडवावा लागणार, सासऱ्यांसाठी जास्तीचे मोजे घेतलेले. गेलो तर फेअरवे कोरडे ठणठणीत, बंकरची, म्हणजे मुद्दाम केलेल्या खड्ड्यांची वाळू पांढरीशुभ्र, कडेने लाल मातीचा ओघळ नाही. पावसात बंकरमध्ये चिकणमाती वाहून आली की ती वाळू पुन्हा तशी होत नाही, बदलावीच लागते, त्यामुळे वाळू अशी राहिली म्हणजे तिच्याखालचं आणि आजूबाजूचं ड्रेनेज धड आहे. फक्त लोकांच्या येण्याजाण्याच्या उतारांवर थोडी निसरड होती आणि तिथे त्यांनी लगेच वाळूसारखं काहीतरी टाकून ठेवलेलं.

हे सगळं करायची यांना सवय आहे असंही म्हणता येईल. ऑक्टोबर १९९० मध्ये कोर्सवरच्या रेज क्रीक या ओढ्याला पूर येऊन अकराव्या होलचं ग्रीन वाहून गेलं होतं, बारा आणि तेरालाही फटका बसला, आणि एप्रिल १९९१ च्या मास्टर्सला सगळं परत जागेवर. फेब्रुवारी २०१४ मध्ये बर्फाच्या वादळात सतराव्यावरचा आयझेनहावर ट्री, म्हणजे अध्यक्ष आयझेनहावर यांच्या नावाने ओळखला जाणारा जुना पाईन गेला, त्याच्या जागी त्यांनी दुसरं झाड लावलं नाही. मी सतराव्यावर जाऊन ती जागा बघितली. मला वाटतं तो निर्णय बरोबर होता, जुन्या झाडाची नक्कल लावून काही साधत नाही.

झाडं गेल्याचा एक फायदाही आहे, तो बोलायला बरा वाटत नाही पण खरा आहे. ग्रीनवर सकाळचं ऊन जास्त येतं, वारा खेळतो, दव लवकर उडतं, आणि बेंटग्रासला याहून वेगळं काही नको असतं. माझी खात्री आहे पुढची काही वर्षं काही ग्रीन आधीपेक्षा निरोगी राहतील. उलट खेळाडूंना वाऱ्याचा अंदाज नव्याने घ्यावा लागेल, बाराव्यावर आधीच वारा गोल गोल फिरतो म्हणतात. नवरा तिथे तासभर बसून प्रत्येकजण गवत उडवून कसा वारा बघतो ते बघत होता.

आता कौतुकाला थोडा लगाम, कारण पैसा. ऑगस्टा नॅशनलकडे काय नाही? मोठमोठी झाडं मुळासकट आणून लावायची ऐपत, मशिनी, माणसं, सगळं. त्याच हेलेनने नॉर्थ कॅरोलायनात ॲशव्हिलच्या म्युनिसिपल गोल्फ कोर्सची काय दशा केली बघा. १९२७ चा, डोनाल्ड रॉसने आखलेला सार्वजनिक कोर्स, कोणीही थोडे पैसे देऊन खेळावं असा, कृष्णवर्णीय गोल्फर्सची स्कायव्ह्यू स्पर्धा १९६० पासून तिथे रुजलेली. स्वानानोआ नदी आत घुसली आणि पहिले नऊ होल खलास. तिथे झाड पडण्याचा प्रश्न नव्हता, गाळ, दगड, वाहून आलेलं काय काय, आणि मूळ मातीच गेलेली. नगरपालिकेने आधी पाण्याच्या लाइनी करायच्या, रस्ते करायचे, का गोल्फ कोर्स? कॅटरिना वादळाच्या वेळी, २००५ मध्ये, न्यू ऑर्लीन्सजवळच्या टीपीसी लुईझियानाची सुमारे २,००० झाडं गेलेली, तो तर व्यावसायिक खेळाडूंच्या मोठ्या टूरचा कोर्स, तरी २००६ ची स्पर्धा दुसरीकडे न्यावी लागली आणि २००७ ला परत आली. म्हणजे साडेसहा महिन्यांत जे ऑगस्टात झालं ते सगळीकडे होईल असं समजू नका. हां, क्लबने आणि तिथल्या कम्युनिटी फाउंडेशनने मिळून ५० लाख डॉलर मदतनिधीला दिले हेही इथे लिहायलाच हवं.

मला हे सगळं बघताना सारखं आमचं श्रीवर्धन आठवत होतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा काकांच्या वाडीतल्या सुपाऱ्या एका दुपारी गेल्या, नारळही गेले. सुपारी नवीन लावली तर पहिलं पीक यायला पाच-सात वर्षं, आणि नुकसानभरपाई मिळते ती क्षेत्राच्या हिशोबाने, त्यात वर्षांचा हिशोब कुठेच नसतो. काकांनी खड्डे स्वतः भरले, कुजलेला पाला आत टाकून, फावड्याने. तंत्र तेच आहे हो, थर भरा, दाबा, पाणी जाऊ द्या. म्हणून मला राग येत नाही ऑगस्टाचा पैसा बघून, पण त्यांनी काय केलं ते लोकांना कळलं पाहिजे असं फार वाटतं.

आणि इथेच माझे २ मार्क. अख्ख्या कोर्सवर एक फलक नाही, एक फोटो नाही, एक टेबल टाकून कोणी माळी उभा नाही की बाबा ही जागा अशी होती, आम्ही असं केलं. दिवसभरात हजारो लोक येतात, त्यातल्या अर्ध्यांच्या घरामागे झाडं पडलेली असतात, त्यांना बुंध्याचा भुसा काढा एवढं जरी सांगितलं तरी केवढं काम होईल. मी एका ग्रीनजवळ उभ्या असलेल्या कामगाराला विचारलं की रायची पेरणी परत करावी लागली का, तो छान हसला, खूप मेहनत घेतली आम्ही सगळ्यांनी म्हणाला, पुढे काही नाही. त्याच्या घराचं काय झालं विचारलं तेव्हा मात्र बोलला, छपरावर झाड पडलेलं, डिसेंबरपर्यंत भावाकडे राहत होता आणि रोज कामावर येत होता. त्या माणसांची नावं कुठेतरी लावा, एवढंच मागणं आहे.

बाकी सोयी. पार्किंग फुकट, आणि चक्क व्यवस्थित. मोबाइल आत नेता येत नाही, गाडीतच ठेवा, फोन करायचा तर आत फुकट फोन आहेत. प्रॅक्टिसच्या दिवशी कॅमेरा चालतो, आम्ही जुना डिजिटल घेऊन गेलो, स्पर्धेच्या दिवसांत तोही नाही. खाण्याचे भाव ऐकून सासरे दोनदा खात्री करून आले, पिमेंटो चीज सँडविच दीड डॉलर, एग सॅलडचं दीड डॉलर, पीच आइस्क्रीम सँडविच ३ डॉलर. शाकाहारी असाल तर पिमेंटो चीजवरच दिवस काढावा लागेल, चीज, मेयोनीज आणि लाल मिरचीचे तुकडे, तिखट अजिबात नाही, ब्रेड फार मऊ, दुसऱ्याला मला कंटाळा आला. साडेचार त्यामुळेच, एखादी भाजीची गोष्ट ठेवायला हरकत नव्हती.

ज्येष्ठांना नेणार असाल तर नीट ऐका, टीव्हीवर हा कोर्स सपाट वाटतो पण क्लबहाउसपासून रेज क्रीकपर्यंत दीडशे फुटांहून जास्त उतार आहे. दहाव्यावरून खाली जाताना मजा येते, अठराव्याला वर येताना गुडघे बोलतात. आम्ही सासऱ्यांना सोळाव्याच्या तळ्याकाठी बसवलं, प्रॅक्टिसच्या दिवशी तिथे खेळाडू पाण्यावरून चेंडू टप्पे देत ग्रीनवर नेतात, पब्लिक ओरडून ओरडून करायला लावतं, ते त्यांना इतकं आवडलं की उठायलाच तयार नव्हते. घडीची खुर्ची घेऊन जा. बूट जुने, सवयीचे घाला.

(स्पर्धा नंतर रोरी मॅकिलरॉयने प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी झाल्यावर जादा खेळून जिंकली, रविवारी झाडांच्या फटीतून त्याने मारलेले शॉट बघताना मी घरी सोफ्यावर, आधी ही फट होती का यावरच नवऱ्याशी वाद घालत होते.)

तिकिटांसाठी दरवर्षी जूनमध्ये मास्टर्सच्या साइटवर अर्ज भरायचा, फुकट असतो, प्रॅक्टिसच्या दिवसांची जास्तीत जास्त चार तिकिटं मागता येतात. बाहेरून हजारो डॉलर देऊन घेऊ नका, ती रद्द होऊ शकतात. आणि जाताना आय-२० वर थॉमसन गावाच्या आसपास गाडीतून बाहेर बघा.